वाट रुंद करू नका

चतुर्थी आटोपली, पाऊस जरा ओसरला की आपल्याकडे गोव्यात सगळ्यांना चालायचं सुचतं. यंदाच्या पत्रांतले चार प्रश्न घेतो.

पर्वरीहून : आम्ही दहा-बारा जण रोज सकाळी खाली साल्वादोर द मुंदच्या खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीत, बांधावर चालतो. वर काँक्रीट आणि दिवे झाले तर बरं. पंचायतीला अर्ज कसा लिहावा?

अर्ज नंतर. आधी एकदा भरती लागताना मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, अर्धा तास उभे राहा. ओहोटीला तिची फळ्यांची दारं आपसूक उघडतात आणि शेतातलं पाणी नदीत उतरतं. भरतीचं खारं पाणी दाब देऊ लागलं की तीच दारं मिटतात. विजेची तार नाही, बटण नाही. हे सगळं ज्यावर उभं आहे तो तुमचा बांध चिकणमातीचा आहे, कुठे कुठे जांभा लावलेला. माती बसते, खेकडे बिळं पाडतात, म्हणून शेतकरी वरचेवर चिखल लावून तो जागेवर ठेवतात. वर काँक्रीटची लादी टाकलीत तर आतली माती खचल्याचं वरून कळणारच नाही, कळेल ते थेट भगदाड पडल्यावर. मग कोरगुटसारखं खारट जमिनीत तगणारं भातही हात टेकतं. शिवाय पक्की वाट झाली की तिच्यावर स्कूटर येते, स्कूटरमागून टिपर येतो. खाजनं बुजली ती काही एका रात्रीत नव्हे. दिव्यांचं तर नावच काढू नका, तुम्ही सकाळी चालता ना!

अर्जाऐवजी त्या खाजनाच्या कूळ शेतकऱ्यांच्या संघटनेला भेटा. बांध त्यांच्या कामाचा आहे, आपण तिथे पाहुणे. दुरुस्तीच्या दिवशी चिखलाच्या चार टोपल्या उचललात तर तुमच्या चालण्याला कुणी हरकत घेईलसं वाटत नाही.

मडगावहून : खोतीगाव अभयारण्यात सायकल नेता येईल का? आणि दूधसागर धबधब्याला रुळांवरून चालत?

अभयारण्यातून जाणारा सार्वजनिक रस्ता सोडून आत शिरायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याचा परवाना लागतो. तो कुठल्या वाटेसाठी आहे, सायकल चालेल का, हे गेटवरच विचारून घ्या. रूळ ही पायवाट नव्हे. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडीखाली येण्याचा धोका वेगळाच.

डिचोलीहून : आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढायची एक वाट होती, दोन पावसाळ्यांत तिच्या तीन झाल्या. असं का?

तुमच्या बुटांमुळे. मधे चिखल झाला की माणूस कडेने जातो, मग कडेचा चिखल होतो, पुढचा त्याहून बाहेरून. आपल्या पावसात हे फार झपाट्याने होतं. शिवाय वाट सरळ उतारावर असली की पाणी तिलाच ओहोळ समजतं. ती तिरकी वळवत न्या, आणि थोड्या थोड्या अंतरावर दगडांची आडवी ओळ लावून पाणी खालच्या बाजूला काढून द्या. तोवर चिखल आला तर चिखलातूनच चाला, पाय धुता येतात. सड्याच्या पातळ मातीत पावसाळ्यात उगवणारी दवबिंदूची कीटकभक्षी रोपटी बोटाच्या पेराएवढी असतात. मोटारसायकलचं एक चाक फिरलं की पुरे. माझं विचाराल तर सड्यावर वाहन नेणाऱ्याला मी उतरवून चालत परत पाठवीन.

रायबंदरहून : फेरीने चोडणला गेलो तर पक्षी अभयारण्यात कुत्रा नेऊ का? तो शांत आहे.

नेऊ नका. अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, आणि तिथल्या पक्ष्यांना तुमच्या कुत्र्याचा स्वभाव ठाऊक नसतो. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग कोल्ह्यांना, पाणमांजरांनाही होतो. त्याला आंघोळ घालून घरीच ठेवा आणि दुर्बीण घेऊन या.