सॉसेजमध्ये चरबीऐवजी सूर्यफूल तेल टाकलं तर ते रबरासारखं का होतं?

चरबी काढून तेवढंच तेल ओतलं, शिजवल्यावर थोडं तेल सुटलं आणि उरलेलं सॉसेज चिवट झालं असं तुम्ही म्हणताय. होणारच ते. मी मांसप्रक्रियेच्याच कामात आहे, थोडं सविस्तर सांगतो.

डुकराच्या पाठीची चरबी थंड असताना घट्ट असते, कटरमध्ये तिचे बारीक कण होतात आणि मिठामुळे मांसातून सुटलेलं मायोसिन नावाचं प्रोटीन त्या कणांभोवती बसतं. तेल पडलं द्रव, त्याचे थेंब चरबीच्या कणांपेक्षा खूपच लहान होतात, म्हणजे झाकायचा एकूण पृष्ठभाग वाढला आणि प्रोटीन मात्र तेवढंच. जिथे प्रोटीन पुरतं तिथे जाळं जास्तच आवळलं जातं आणि दाताला रबर लागतं, जिथे पुरत नाही तिथून तेल सुटतं. रंगही फिका दिसतो, कारण बारीक थेंब प्रकाश जास्त विखुरतात, पण लोक उगाच मांसाला नावं ठेवतात.

घरी करण्यासारखा उपाय एकच, तेल आधी बांधून घ्यायचं. वजनाने 1 भाग सोया प्रोटीन आयसोलेट (सोयाबीनमधून वेगळं काढलेलं प्रोटीन), 5 भाग गरम पाणी, 5 भाग तेल, मिक्सरमध्ये मेयोनीजसारखं दाट करायचं आणि फ्रीजमध्ये पूर्ण गार करूनच मिश्रणात घालायचं. सुरुवातीला अर्धीच चरबी बदला, सगळी एकदम नको. मांसाचं मिश्रण 12 अंशांच्या वर जाऊ देऊ नका, त्यात पाण्याऐवजी बर्फ टाका, आणि शिजवताना आतलं तापमान 72 अंशांना आलं की बास.

दुसरा मार्ग ओलिओजेलचा, म्हणजे तेलाचंच घट्ट जेल करायचं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या लोकांनी 2012 मध्ये कॅनोला तेल एथिलसेल्युलोजने (सेल्युलोजपासून केलेला घट्ट करणारा पदार्थ) घट्ट करून फ्रँकफर्टर सॉसेजमध्ये वापरलं आणि चावायला ते बीफच्या चरबीवाल्यासारखंच निघालं. पण त्यासाठी तेल साधारण 140 अंशांपर्यंत तापवावं लागतं, घरी या फंदात पडू नका.

आता 'हेल्दी' म्हणून करत असाल तर हे पण ऐका. कॅलरी कमी होत नाहीत, तेल असो की चरबी, ग्रॅमला 9च. फायदा फक्त सॅच्युरेटेड फॅटचा, डुकराच्या चरबीत ते साधारण 40 टक्के, सूर्यफुलात 11च्या आसपास. खोबरेल घट्ट असतं म्हणून ते वापरायचा मोह होईल, पण त्यात 90 टक्क्यांच्या आसपास सॅच्युरेटेड आहे, मग बदललं काय? मीठ आणि नायट्राइट (मांस टिकवायला घालतात ते क्षार) तर जिथल्या तिथेच. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस गट 1 मध्ये, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींमध्ये टाकलं, त्या यादीतून तेलवालं सॉसेज काही सुटत नाही.

जवसाचं तेल ओमेगा-3साठी चांगलं खरं, पण फार लवकर खवट होतं, रोजमेरीचा अर्क घातला तरी जास्त दिवस ठेवू नका. आणि सलामीसारख्या वाळवायच्या सॉसेजमध्ये यातलं काही करू नका, तिथे चरबीचे पांढरे तुकडेच दिसायला हवे असतात आणि सुटं तेल मांसावर पसरलं की आतलं पाणी बाहेर पडायला अडतं, मग नीट वाळतच नाही.