गढूळ बिअर पहिल्यांदा चाखताना

गढूळ दिसतेय म्हणजे खराब असेल, ही शंका आधी काढून टाका. हेझी आयपीए या बिअरच्या प्रकारात तो गढूळपणा मुद्दाम असतो: ओट्स-गव्हातली प्रथिनं आणि हॉप्समधली (बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांतली) पॉलिफेनॉल्स ही द्रव्यं एकमेकांना धरून तरंगत राहतात. पण जितकी गढूळ तितकी भारी, असंही नाही. नवखे इथेच फसतात.

सुरुवातीला एवढंच बघा:

- कॅनवरची तारीख. ही बिअर मुरवायची नसते. भरल्यापासून महिना-दीड महिन्यात संपवलेली बरी.
- थंडपणा. ७ ते १० अंश पुरे. बर्फगार बिअरला वासच येत नाही, म्हणून फ्रिजमधून काढून जरा थांबा.
- आधी वास, मग घोट. ग्लास अर्धाच भरा, हलकेच फिरवा आणि नाक आत घाला. आंबा, संत्रं, अननस... नावं नाही सुचली तरी बिघडत नाही. ताजं सोललेलं संत्रं की संत्र्याची गोळी, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

पिवळ्या-केशरी रंगावर करडी-तपकिरी झाक आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर हवा लागलीय. लोण्याचा वास आला तर आंबवण्यात गडबड.

आणि कॅन हलवू नका! तळाचं वाया जाऊ नये म्हणून मी एकदा हलवून ओतला. हॉप्सचा सगळा गाळ घशात, तासभर खवखव. त्या दिवशी बिअरला दिलेले गुण मी नंतर खोडले.

कडवटपणा, तो मोजायचं एकक आयबीयू वगैरे सध्या राहू द्या. एका बैठकीत दोनच चाखा. या बहुधा ६ ते ८ टक्के अल्कोहोलच्या असतात.