कागद आधी, गाणं मग

प्रिय मैत्रिणी,

गिटार, कीबोर्ड, मँडोलिन, मेलोडिका यांतलं एकच धरू का, हे तू परत विचारलंस. चारही वाजव, त्यात विचारायचं काय? तुझी अडचण वाद्यांची नाहीच. गाण्यावर तुझं नाव कुठे आहे, ते सांग.

तुमच्या बँडच्या नव्या गाण्याची सुरुवातीची मँडोलिनची धून तुझी. लोक गुणगुणतात ती तीच. आणि 'संगीत' म्हणून नाव गायकाचं. तू खाली 'वादन' मध्ये, बारीक अक्षरांत. वर मला म्हणतेस, "आपल्यात कसला हिशेब?" अगं, हिशेब आपल्यातच लागतो. परक्याशी करार असतोच.

आर.ई.एम. हा अमेरिकन रॉक बँड बघ. १९८० साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्समध्ये जमलेली चार पोरं. माइक मिल्स नावाला बेसवादक, पण पियानो, ऑर्गन, मागचा आवाज, सगळीकडे तोच. तरी गाण्यांवर नावं चौघांची: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. आडनावांच्या अक्षरक्रमाने, वाटा सारखा. धून कुणाला सुचली हा वादच नाही. बँड २०११ पर्यंत टिकला, त्यात या वाटणीचा हात मोठा होता असं माझं ठाम मत आहे.

उलट प्रोकोल हारम या ब्रिटिश बँडचा मॅथ्यू फिशर. 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' मधली ऑर्गनची धून त्याची. गाणं १९६७ चं, दावा लावला २००५ मध्ये. २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, संगीतातला ४० टक्के वाटा कायम केला, पण २००५ पासूनचाच. आधीच्या अडतीस वर्षांचं काही नाही. म्हणून म्हणतो, आधी लिहून घे.

आपल्याकडे संगीतकार ठरायला स्वरलेखन यावं लागत नाही, कायदाच तसं म्हणतो. मात्र आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे, गाणं नोंदवताना कुणाचा किती टक्के ते भरावं लागतं. ते कोण भरतंय तुमच्यात? बघितलंस कधी?

मी माझा बँड सोडला तेव्हा बाकीचे "पैशासाठी गेला" म्हणाले. अजून म्हणतात. हार्मोनिअमचा जो तुकडा ऐकून लोक उभे राहायचे, तो मी बसवला होता, आणि पोस्टरवर माझं नाव 'व इतर'. मला पैसे नको होते, नाव हवं होतं. बरं, पैसेही हवे होते. का नसावेत? साउंडचेकला सगळ्यांत आधी मी, माझ्याच वाद्यांच्या वायरी जास्त म्हणून. निघायला सगळ्यांत उशिरा मी, माझ्याच वाद्यांची खोकी जास्त म्हणून. टेम्पोचं भाडं मात्र चौघांत सारखं! तो हिशेब बरा जमायचा त्यांना.

पुढच्या प्रॅक्टिसला एक कागद ने. गाण्याचं नाव, कुणी काय रचलं, कुणाचा किती वाटा, तारीख, सगळ्यांच्या सह्या. अ‍ॅम्प लावायच्या आधी. एकदा वाजवायला लागलात की तू लाजशील, ओळखतो मी तुला. गायक चिडला तर त्याला माझा नंबर दे.

तुझा,
दादा