पाळी जाण्याआधीची वर्षे आणि संप्रेरकांचे आकडे

प्रश्न : माझे वय ४७ वर्षे आहे. गेल्या दीड वर्षापासून पाळी कधी वीस-बावीस दिवसांनी येते, कधी दोन-दोन महिने येतच नाही आणि आली की आठ-नऊ दिवस खूप अंगावर जाते. रात्री तीनच्या सुमारास छातीतून गळ्याकडे आणि चेहऱ्याकडे वाफ चढल्यासारखे होते, कपडे घामाने भिजतात, मी पांघरूण दूर फेकते आणि पाचच मिनिटांत थंडी वाजू लागते म्हणून तेच पांघरूण पुन्हा ओढून घेते. मार्चमधील रक्ततपासणीत एफएसएच (बीजांडकोशाला चालना देणारे संप्रेरक) ९ आले, तेव्हा ‘सगळे नॉर्मल आहे’ असे मला सांगण्यात आले. जुलैमध्ये तेच ३८ आले, तेव्हा ‘पाळी गेल्यातच जमा आहे’ असे सांगितले गेले. त्यानंतर तीन आठवड्यांनी मला पाळी आली. यांतला कोणता अहवाल खरा मानावा? आणि हे सारे इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे होत असेल, तर रक्तस्राव वाढतो कसा?

उत्तर : दोन्ही अहवाल खरे आहेत, चुकले ते त्यांवरून काढलेले निष्कर्ष. रक्ततपासणी फक्त त्या सकाळपुरते सांगते, आणि आपण सध्या ज्या टप्प्यात आहात, त्या रजोनिवृत्तीपूर्व काळात संप्रेरकांची पातळी आठवड्या-आठवड्याला बदलत असते.

एफएसएच बीजांडकोशात तयार होत नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येते. ‘हॉर्मोन’ हा शब्द १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ‘चेतवणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून वापरात आणला, आणि एफएसएचचे काम अगदी तेच आहे : बीजांडकोशातील बीजपुटिकांना, म्हणजे बीज ज्यांत वाढते त्या सूक्ष्म पिशव्यांना, वाढीसाठी चेतवणे. पुटिका वाढू लागल्या की त्यांच्यातून इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन पाझरते आणि ही दोन्ही संप्रेरके पीयूषिकेला ‘आता पुरे’ असा निरोप देतात. जन्माच्या वेळी मुलीच्या बीजांडकोशांत सुमारे १० ते २० लाख बीजपुटिका असतात. पंचेचाळिशीपर्यंत त्यांतल्या बहुतेक विरून गेलेल्या असतात. उरलेल्या थोड्या पुटिकांकडून पुरेसे इन्हिबिन येत नाही, म्हणून पीयूषिका हाकेचा आवाज चढवते आणि एफएसएचचा आकडा वाढतो. ज्या महिन्यात एखादी पुटिका त्या हाकेला ओ देते, त्या महिन्यात तो पुन्हा खाली येतो. मार्चमध्ये ओ मिळालेली होती, जुलैमध्ये अजून मिळालेली नव्हती, आणि तीन आठवड्यांनी आलेली पाळी पाहता ती नंतर मिळाली असावी.

म्हणूनच पंचेचाळिशीनंतर अशी लक्षणे असताना निदानासाठी एफएसएच मोजत बसण्याची सहसा गरज नसते. पाळीच्या तारखा, रक्तस्रावाचे प्रमाण आणि वाफा येण्याच्या वेळा लिहिलेली साधी वही डॉक्टरांना त्या दोन अहवालांपेक्षा कितीतरी अधिक सांगू शकेल. सलग १२ महिने पाळी आली नाही, तरच रजोनिवृत्ती झाली असे म्हणता येते, म्हणजे तिची तारीख नेहमी मागे वळून पाहतानाच कळते. चाळिशीच्या आत पाळी थांबली, तर मात्र तपासणी आवश्यकच असते.

आता रक्तस्रावाविषयी. इस्ट्रोजेन या काळात एका सरळ उतारावरून खाली येते, ही समजूत फार रुजलेली आहे आणि ती बरोबर नाही. चढलेल्या एफएसएचच्या रेट्याने कधी कधी इस्ट्रोजेन तरुण वयातल्यापेक्षाही वर जाते. सुरुवातीला खरी उणीव पडते ती प्रोजेस्टेरॉनची, कारण ते मुख्यतः बीज बाहेर पडल्यानंतर तयार होते, आणि या वयात अनेक महिने बीज बाहेर पडतच नाही. इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर वाढवत राहते, ते आवरणारे प्रोजेस्टेरॉन नसते, आणि जाड झालेले अस्तर अखेर वेडेवाकडे सुटू लागते. दोन महिन्यांच्या खंडानंतर येणाऱ्या आठ-नऊ दिवसांच्या पाळीमागे बहुधा हेच कारण असते.

‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. आपल्या वयात इतका रक्तस्राव होत असेल, तर गाठी, पॉलिप किंवा अस्तरातील पेशींचे बदल नाहीत ना, हे पाहिलेच पाहिजे. सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा आणि थायरॉइड एवढे तरी तपासून घ्यावे. गरज वाटल्यास डॉक्टर अस्तराचा नमुना घेतील. थायरॉइड बिघडल्यानेही घाम येतो, धडधड होते आणि पाळी अनियमित होते. आणखी एक गोष्ट, जी अनेकदा सांगायची राहून जाते : अधूनमधून बीज बाहेर पडत असल्यामुळे गर्भ राहण्याची शक्यता अजून संपलेली नाही.

रात्रीच्या वाफांचे मूळ मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये आहे. तेथील काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सैल पडला की त्या अतिउत्तेजित होतात आणि शरीराला सहन होणारी तापमानाची पट्टी अरुंद होते. मग अगदी किंचित वाढलेले तापमानही मेंदूला धोक्याचे वाटते, त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम फुटतो, आणि शरीर गरजेपेक्षा जास्त थंड झाल्याने लगोलग हुडहुडी भरते. आपले फेकलेले आणि पुन्हा ओढून घेतलेले पांघरूण म्हणजे हीच क्रिया आहे. वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्या जणींना हा त्रास सात वर्षांहून अधिक काळ होतो, हे लक्षात घेता ‘थोडे दिवस सोसा’ हा सल्ला मला अन्यायाचा वाटतो. झोप मोडत असेल, तर उपचार मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : माझे वय ५१ आहे, पाळी जाऊन सव्वा वर्ष झाले. डॉक्टरांनी संप्रेरक उपचार सुचवले आहेत, पण त्या उपचारांनी स्तनांचा कर्करोग होतो असे सगळे सांगतात. काय करावे?

उत्तर : या भीतीचा मोठा वाटा २००२ मध्ये जाहीर झालेल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी अभ्यासातून आला. त्यात इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टेरॉन एकत्र घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे ८ रुग्ण अधिक आढळले. हा धोका खरा आहे, तो लपवू नये; पण त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हेही सांगायला हवे. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षे होण्यापूर्वी उपचार सुरू केले, तर त्रास असलेल्या बहुतेक निरोगी स्त्रियांना फायदा धोक्यापेक्षा अधिक होतो. या उपचारांनी हाडांची झीजही रोखली जाते. गर्भाशय असेल, तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावेच लागते, नाहीतर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार होऊन गेला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. अशा वेळी सहसा दुसरा मार्ग निवडला जातो. गुठळ्यांची चिंता असेल, तर त्वचेवरील पट्टी किंवा जेल गोळीपेक्षा सुरक्षित ठरते.

प्रश्न : वय ५६. पाळी जाऊन चार वर्षे झाली. वाफा थांबल्या, पण योनीत कोरडेपणा आहे, लघवीला वारंवार जळजळ होते, आणि गेल्या आठवड्यात थोडा लालसर डाग दिसला. हे सांगायला संकोच वाटतो.

उत्तर : आपण लिहिलेत हे फार बरे झाले. इस्ट्रोजेनअभावी योनीची आणि मूत्रमार्गाची त्वचा पातळ होते, आणि वाफांप्रमाणे हा त्रास काळाबरोबर आपोआप ओसरत नाही. योनीत लावण्याचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन त्यावर गुणकारी आहे आणि ते रक्तात फारच थोडे उतरते. मात्र पाळी गेल्यानंतरचा डाग, तो एकदाच आणि थेंबभर दिसला असला तरी, याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावा. बहुतेकदा कारण साधा कोरडेपणाच निघतो. पण अस्तराचा कर्करोग नाही याची खात्री झाल्यावरच मलम सुरू करावे.