शेजारची पोलीस दले एक करावीत का?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये एक्सेटरला राहते. तिथे शेजारशेजारची पोलीस दले एक करावीत, अशी चर्चा अधूनमधून निघते. आपल्याकडे तर २०१८ साली पुण्यातून पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय वेगळे काढले. मग तिकडे उलटे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याकडे आयुक्तालय वेगळे झाले तरी पोलीस राज्याचेच राहतात आणि पगार राज्याच्याच तिजोरीतून होतो, बदलते ती हद्द. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र ४३ स्वतंत्र प्रादेशिक दले आहेत आणि त्यांच्या खर्चाचा काही भाग रहिवासी भरतात त्या कौन्सिल टॅक्समधून येतो. घोडे अडते ते इथेच. लहान दलांना दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारी पेलत नाही, हा तिथल्या पोलीस तपासणी यंत्रणेच्या २००५ सालच्या अहवालाचा निष्कर्ष रास्त होता. कंब्रिया आणि लँकेशायर ही दले तर स्वखुशीने एक व्हायला निघाली होती; पण दोन्हीकडचा कर समान करायचा कसा, हे कोडे सुटले नाही आणि २००६ मध्ये तो बेत बारगळला. आपल्या मुलीच्या भागातही, डेव्हन-कॉर्नवॉल आणि शेजारचे डॉर्सेट ही दले एक करायची ठरत असताना, २०१८ मध्ये हेच झाले. डॉर्सेटमध्ये पोलिसांसाठीचा कर जास्त असल्याने डेव्हन-कॉर्नवॉलच्या रहिवाशांवर बोजा वाढला असता, आणि डेव्हन-कॉर्नवॉलच्या आयुक्तांनी (तिकडे हे पोलिसांवर देखरेख करणारे, लोकांनी निवडून दिलेले पद असते) संमती नाकारली.

स्कॉटलंडने मात्र १ एप्रिल २०१३ रोजी आठ दलांचे एक दल केले. नियंत्रण कक्ष कमी करून त्यांचे काम मोठ्या केंद्रांकडे हलवणे चालू असतानाच, जुलै २०१५ मध्ये, स्टर्लिंगजवळ एम-९ महामार्गालगत एक मोटार उतारावरून खाली गेल्याचे एका नागरिकाने फोन करून कळवले. फोन घेतला गेला, पण संगणकात त्याची नोंदच झाली नाही. पोलीस तीन दिवसांनी पोहोचले, तेव्हा आतला तरुण मरण पावला होता. जिवंत सापडलेली तरुणी पुढे रुग्णालयात दगावली. २०२१ मध्ये दलाने न्यायालयात दोष कबूल केला आणि त्याला एक लाख पौंड दंड झाला.

त्या दोन जिवांचा विचार मनातून जात नाही, म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. खुनाचे तपास, सायबर गुन्हे, श्वानपथके, खरेदी ही कामे शेजाऱ्यांनी खुशाल एकत्र करावीत. डेव्हन-कॉर्नवॉल आणि डॉर्सेट यांनी विलीन न होताही अशी बरीच कामे सामायिक केली. नियंत्रण कक्षाला मात्र सर्वांत शेवटी हात लावावा, आणि तोही नव्या जागी पुरेशी, त्या मुलखातल्या वाटा-वस्त्या ओळखणारी माणसे बसल्यावरच.