शेती कोणी पसरवली, हे डीएनएवरून शोधायचे आहे

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात बारावी सायन्सला आहे. बायोलॉजी आणि गणित दोन्ही विषय आहेत. प्राचीन काळी शेती कशी पसरली हे जुन्या हाडांतल्या डीएनएवरून कळते, असे वाचले. मला हेच काम करायचे आहे. बीएस्सी बायोटेक घेऊ का? घरचे विचारतात, यात नोकरी आहे का?

उत्तर : गणित सोडले नाहीस, हे फार चांगले केलेस. या विषयातला बराचसा वेळ प्रयोगशाळेत नाही, आकडेमोडीत जातो. म्हणून केवळ ‘बायोटेक’ हे नाव बघून प्रवेश घेऊ नकोस.

मूळ प्रश्न असा : शेतकरी स्वतः पुढे सरकत गेले, की शेजाऱ्यांचे बघून इतर लोक शेती शिकले? उत्खननांच्या तारखांवरून अ‍ॅमरमन आणि कावाली-स्फोर्झा या संशोधकांनी 1971 मध्ये मांडले, की युरोपात शेती वर्षाला सरासरी 1 किलोमीटर पसरली. पण वेगावरून माणसे हलली का, हे ठरत नाही. ते डीएनएने ठरवले. जर्मनीतल्या स्टुटगार्टची 7000 वर्षांपूर्वीची शेतकरी स्त्री लक्झेंबर्गमधल्या लॉशबूरच्या शेतीआधीच्या स्थानिक शिकाऱ्यापेक्षा तुर्कस्तानातल्या बार्जिनच्या प्राचीन शेतकऱ्यांना कितीतरी जवळची निघाली. म्हणजे तिथे माणसेच आली होती.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन शहराच्या 61 नमुन्यांपैकी एकाच स्त्रीचा वापरण्याजोगा डीएनए मिळाला. उष्ण हवेत तो झपाट्याने तुटतो. तिच्यातला इराणशी नाते सांगणारा वंशभाग इराणच्या शेतकऱ्यांपासून शेती सुरू होण्याआधीच वेगळा झाला होता, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा ‘माणसेच आली’ हे युरोपचे उत्तर इथे जसेच्या तसे लावता येत नाही. काम करण्यासारखे खूप उरले आहे, ते इथेच.

नमुना बहुधा कानाच्या आतल्या भागाला वेढणाऱ्या घट्ट हाडातून घेतात. साधारण 50 मिलिग्रॅम भुकटी पुरते. खऱ्या जुन्या डीएनएचे तुकडे आखूड असतात आणि त्यांच्या टोकांना डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’च्या जागी ‘टी’ वाचला जातो. ही खूण दिसली नाही, तर तो डीएनए खोदणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो.

आवड खरी आहे का, हे घरच्या लॅपटॉपवर तपासता येईल. हार्वर्डच्या डेव्हिड राइश यांच्या प्रयोगशाळेने जमवलेला ‘अ‍ॅलन एन्शंट डीएनए रिसोर्स’ मोफत मिळतो. त्यातला जनुकसंचातल्या सुमारे 6 लाख जागांचा लहान संच घे. आजच्या युरोप-पश्चिम आशियातल्या लोकांवरून पीसीए, म्हणजे कोण कोणाशी किती जुळतो याचा आकडेमोडीने केलेला नकाशा, काढ आणि प्राचीन नमुने त्यावर प्रक्षेपित कर, म्हणजे त्यांची जागा त्यात बसव. प्रक्षेपणात ‘लीस्ट स्क्वेअर्स’ पर्याय चालू ठेव, नाहीतर अपुरी माहिती असलेले नमुने उगाच मध्याकडे ओढले जातात आणि दोन वंशांचे मिश्रण झाल्याचा भास होतो. नवखे इथेच फसतात. पुढची पायरी एफ-4 चाचणी, म्हणजे चार गटांत कोण कोणाला जास्त जवळचे हे तपासणे : म्बुटी (तुलनेसाठी घेतलेला आफ्रिकेतला दूरचा गट), लॉशबूर, बार्जिन, जर्मनीचे पहिले शेतकरी, याच क्रमाने. झेड (फरक निव्वळ योगायोग नाही ना, हे सांगणारा आकडा) 3 च्या वर गेला, तर जर्मनीच्या या शेतकऱ्यांत बार्जिनच्या शेतकऱ्यांपेक्षा शिकाऱ्यांचा अंश जास्त आहे.

प्रवेशासाठी पहिली पसंती आयसर पुणे या केंद्रीय विज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस; त्याची प्रवेश परीक्षा आयएटी. तिथे गणित लागतेच. नाही जमले, तर प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रात बीएस्सी कर, पण संख्याशास्त्र आणि त्यासाठीची ‘आर’ ही संगणकभाषा सोबत हवीच. पुरातत्त्वाच्या बाजूने यायचे असेल, तर पदवीनंतर डेक्कन कॉलेजचे एमए आहे. पीएचडीसाठी लखनौची बिरबल साहनी संस्था आणि हैदराबादची सीसीएमबी ही पेशी व रेणवीय जीवशास्त्राची संस्था बघ. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर महिना 37,000 रुपये आणि घरभाडे मिळते.

आता घरच्यांच्या प्रश्नाबद्दल. प्राचीन डीएनएच्या कायम जागा भारतात मोजक्या आहेत, हे त्यांना आत्ताच सांग. पण लिनक्स ही संगणकप्रणाली, ‘आर’ आणि लोकसंख्या-जनुकशास्त्र येणाऱ्याला वैद्यकीय जीनोमिक्समध्ये आणि बियाणे संशोधनात काम मिळते. पिकांच्या बाजूनेही हाच प्रश्न सोडवता येतो : आइनकॉर्न या प्राचीन जातीच्या गव्हाचे मूळ आग्नेय तुर्कस्तानातल्या काराजादा डोंगरापाशी असल्याचे 1997 मध्ये जंगली आणि लागवडीच्या वाणांचा डीएनए ताडूनच दाखवले गेले. तो रस्ता आवडला, तर बीएस्सी कृषीनंतर वनस्पती प्रजनन व आनुवंशशास्त्रात एमएस्सी कर. घरच्यांनाही तो लवकर पटेल.