अर्धवट ओळींची एक पूर्ण ओळ कशी करायची?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या सभासदांच्या तीन वेगवेगळ्या याद्या होत्या. त्या मी एकाच एक्सेल शीटमध्ये एकाखाली एक आणल्या. आता एकच सभासद दोन-तीन ओळींत दिसतो. एका ओळीत फोन आहे पण ईमेल नाही, दुसरीत ईमेल आहे पण फोन नाही. 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' सगळे कॉलम निवडून चालवलं तर एकही ओळ कमी होत नाही. फक्त सभासद क्रमांक निवडला तर ओळी कमी होतात, पण त्यांच्याबरोबर फोन नंबरही जातात. प्रत्येकाची एकच आणि पूर्ण ओळ कशी मिळवू? — एक ग्रंथपाल

उत्तर : 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' फक्त ओळी काढून टाकतं, त्यांची जोडणी करत नाही. सगळे कॉलम निवडले की एका ओळीतला रिकामा सेल आणि दुसरीतला भरलेला सेल त्याला वेगळे दिसतात, म्हणून ते कशालाच हात लावत नाही. एकच कॉलम निवडला की त्या क्रमांकाची सगळ्यात वरची ओळ ठेवून खालच्या सगळ्या उडवतं. खालच्या ओळीत काही जास्तीचं होतं का, हे ते बघतच नाही.

तुम्हाला हवंय ते काम पॉवर क्वेरीत, म्हणजे एक्सेलमध्येच असलेल्या याद्या साफ करायच्या आणि जोडायच्या साधनात, होतं. पण त्याआधी मूळ तिन्ही याद्या जशाच्या तशा बाजूला ठेवा आणि एकत्र केलेल्या शीटला दोन कॉलम जोडा : ओळ कोणत्या यादीतून आली आणि त्या यादीत ती कितवी होती. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण यावर मी अडून बसते. जोडलेल्या ओळीतला एखादा फोन नंबर चुकीचा निघाला, तर तो कुठून आला हे सांगणारं नंतर दुसरं काही उरत नाही.

मग थोडी साफसफाई. 'माहिती नाही', 'एनए', नुसती आडवी रेघ, दहा शून्यांचा फोन नंबर, हे सगळे भरलेल्या सेलचा वेष घेतलेले रिकामे सेल आहेत. ते खरोखर रिकामे करा, नाहीतर जोडणी करताना एखादी आडवी रेघ खऱ्या ईमेलच्या बरोबरीने बसेल. सभासद क्रमांक तिन्ही याद्यांत टेक्स्ट म्हणूनच घ्या. एका यादीत ००४१७ असेल आणि दुसरीत एक्सेलने आधीची शून्यं खाऊन ४१७ केलं असेल, तर ती दोन माणसं ठरतील. शेवटी मोकळ्या जागा. 'ट्रिम' साधी स्पेस काढतं, पण वेबपेजवरून कॉपी करताना येणारी न तुटणारी स्पेस, म्हणजे कॅरेक्टर १६०, त्याला काढता येत नाही. ती 'सबस्टिट्यूट'ने वेगळी बदलावी लागते.

आता डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेबल' करून शीट पॉवर क्वेरीत न्या, सगळे कॉलम टेक्स्ट करा आणि 'ग्रुप बाय'मध्ये सभासद क्रमांक निवडा. ते एकाच क्रमांकाच्या ओळींचा एक गट करतं. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन उरलेल्या प्रत्येक कॉलमसाठी 'मॅक्स' लावा, म्हणजे गटातली सगळ्यात मोठी नोंद घ्या. मॅक्स रिकाम्या, म्हणजे नल, सेलकडे दुर्लक्ष करतं. त्यामुळे एका ओळीत फोन आणि दोन ओळींत काहीच नाही, तर तो फोन वर येतो. तुमच्या बहुतेक ओळी इथेच पूर्ण होतील.

पण इथे थांबू नका. समजा ००४१७ क्रमांकाच्या तीन ओळी आहेत. पहिलीत नाव आणि ईमेल, फोन रिकामा. दुसरीत नाव आणि ७ ने सुरू होणारा फोन, ईमेल रिकामा. तिसरीत नाव आणि ९ ने सुरू होणारा फोन. मॅक्स ईमेल बरोबर आणेल आणि फोन ९ चा आणेल, फक्त ९ हा ७ पेक्षा मोठा आहे म्हणून. सभासदाने तो नंबर कधीचाच बंद केलेला असू शकतो. दोन फोन होते हे तुम्हाला कुठेही दिसणार नाही. जोडलेली ओळ नीटनेटकी आणि पूर्ण दिसते, म्हणून तिच्यावर कुणी शंकाही घेत नाही. अर्धवट यादीपेक्षा मला या प्रकाराची जास्त धास्ती वाटते.

उपाय सोपा आहे. त्याच ग्रुप बायमध्ये प्रत्येक कॉलमसाठी 'मिन', म्हणजे सगळ्यात लहान नोंद, हीही घ्या. मिनसुद्धा नल सोडूनच बघतं. जिथे मिन आणि मॅक्स सारखे, तिथे त्या सभासदाची एकच किंमत, म्हणजे सेलमधली नोंद, होती, मग ती एका ओळीत असो की तिन्ही. तिथे निर्धास्त जोडा. जिथे ते वेगळे, तिथे दोन भरलेल्या किमती एकमेकींशी भांडताहेत. तेवढ्या ओळी फिल्टर करून वेगळ्या शीटवर घ्या. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतही हीच युक्ती चालते, कारण तिथेही मिन आणि मॅक्स नल वगळतात. एक काळजी घ्या : सूत्राने रिकामा दाखवलेला सेल पॉवर क्वेरीत नल म्हणून येत नाही, शून्य अक्षरांचा मजकूर म्हणून येतो. मग मिन तोच उचलतं आणि उगाच भांडण दिसतं. 'रिप्लेस व्हॅल्यूज'ने असे सेल आधी नल करून घ्या.

भांडणाऱ्या किमतींसाठी सगळ्या कॉलमना एकच नियम लावू नका. फोन आणि पत्ता सगळ्यात अलीकडच्या यादीतला धरा. सभासद झाल्याची तारीख मात्र सगळ्यात जुनी घ्या. जन्मतारीख बदलत नाही, त्यामुळे तिथे नवी यादी जास्त खरी असं म्हणायला काही आधार नाही. मूळ अर्ज काढून बघा. दोन ईमेल असतील तर दुसऱ्यासाठी एक जादा कॉलम करा, टाकून कशाला द्यायचा? आणि थकबाकीचा आकडा कोणत्याही नियमाने निवडू नका. तो हिशेबाच्या वहीतूनच यायला हवा.

पत्त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण याद्या जोडताना सगळ्यात जास्त नासधूस तिथे होते. पत्ता, गाव आणि पिनकोड असे तीन कॉलम असतील आणि प्रत्येक कॉलम स्वतंत्रपणे भरला गेला, तर घर जुन्या यादीतलं, गाव नव्या यादीतलं आणि पिनकोड तिसरीतला अशी ओळ तयार होते. प्रत्येक सेल खरा, पण असा पत्ता जगात कुठेच नाही. म्हणून जे कॉलम मिळून एक गोष्ट सांगतात ते जोडणीआधी एकमेकांना बांधून ठेवा. तिन्ही कॉलम एकाच कॉलममध्ये, मध्ये उभी रेघ घालून जोडा. मग ग्रुप बाय करा आणि नंतर त्या रेघेवर पुन्हा तोडा. पत्ता घ्यायचा तर एका ओळीतला अख्खा घ्यायचा, त्यात पिनकोड नसला तरी. तो पिनकोड नंतर शोधता येतो. चुकीचा जोडलेला पिनकोड मात्र सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही.

तुमच्याकडे सभासद क्रमांक आहे हे फार चांगलं. काही ओळींत तोही नसेल, तर फक्त नावावर जाऊ नका. समजा एकाच नावाच्या तीन ओळी आहेत : अ मध्ये फक्त ईमेल, ब मध्ये फक्त फोन, क मध्ये ब चाच फोन आणि अ पेक्षा वेगळा ईमेल. अ आणि ब यांच्यात कुठेही विरोध दिसत नाही, म्हणून आपण त्या जोडून मोकळे होतो. पण विरोध दिसत नाही तो दोघींचे सेल रिकामे आहेत म्हणून. रिकामा सेल कुणाशीही जुळतो, त्यामुळे तो कशाचाच पुरावा ठरत नाही. इथे ब आणि क यांना जोडायला सारखा फोन हा आधार आहे. अ ला काहीच आधार नाही, ती वेगळीच राहू द्या. आधी अ-ब जोडल्या असत्या तर क शी ईमेलवरून भांडण झालं असतं; आधी ब-क जोडल्या तर ते होत नाही. ओळींच्या क्रमावर माणसं ठरायला लागली की समजावं, जोडणीचा नियम कच्चा आहे.

फोनवरही डोळे झाकून विसंबू नका, एका घरातले चौघे एकच नंबर देतात. कॅनडातले सांख्यिकीतज्ज्ञ आयव्हन फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ साली नोंदी जुळवण्याचं गणित मांडलं. त्यात जोड्यांचे दोन नाही, तीन गट आहेत : जुळलेल्या, न जुळलेल्या आणि माणसाने बघायच्या. तुमच्या शीटमध्येही तो तिसरा गट ठेवा.

मराठी नावं असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. 'कुऱ्हाडे' हे आडनाव युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, दोन प्रकारे टाइप होतं. एकात नुक्ता असलेला ऱ, हलंत आणि ह असतात. दुसऱ्यात साधा र, हलंत, न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी आडनावं आहेत. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची ठरलेली पद्धत, यांना एक करत नाही. नेहमीच्या 'फाइंड अँड रिप्लेस'ने एक रूप ठरवून घ्यावं लागतं.

प्रश्न : मी हेच काम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, तक्त्यांसाठी असलेली पांडाज ही लायब्ररी वापरून करतो. 'ग्रुपबाय' आणि 'फर्स्ट' लावल्यावर ओळी अपेक्षेपेक्षा खूपच कमी आल्या. का? — एक विद्यार्थी

उत्तर : ज्या ओळींत ग्रुपिंगचा कॉलमच रिकामा होता, त्या ग्रुपबायने न सांगता वगळल्या असणार; मुळातली सेटिंग तशीच आहे. पांडाजच्या १.१ आवृत्तीपासून ही सेटिंग, म्हणजे 'ड्रॉपएनए', फॉल्स करता येते, पण ते इथे करू नका. मग रिकाम्या क्रमांकाचे सगळे लोक मिळून एकच गट होतो आणि फर्स्ट त्यांची मोट बांधून एक माणूस करतं. रिकाम्या क्रमांकाच्या ओळी आधीच वेगळ्या काढा, बाकीच्या जोडा आणि मग त्या मागे लावा.

फर्स्ट प्रत्येक कॉलममधली पहिली भरलेली किंमत घेतं, त्यामुळे एका गटाची ओळ वेगवेगळ्या ओळींतून बनते. पहिली अख्खी ओळच हवी असेल तर 'हेड' वापरा. भांडणं शोधायला 'एनयुनिक' आहे, ते गटात वेगवेगळ्या किमती किती हे मोजतं : जिथे उत्तर १ पेक्षा जास्त, तिथे हाताने बघा. रिकामी स्ट्रिंग पांडाजला भरलेली वाटते, म्हणून ती आधी नल करा.

प्रश्न : एखादी नोंद किती वेळा आली हे मोजणाऱ्या एक्सेलच्या 'काउंटइफ' सूत्राने तपासलं तर १६ अंकी कार्ड क्रमांक डुप्लिकेट दाखवतं, पण शेवटचा अंक स्पष्ट वेगळा दिसतो आहे.

उत्तर : एक्सेल आकड्याचे १५ अंकच अचूक धरतं. तुम्ही क्रमांक टेक्स्ट म्हणून ठेवले तरी काउंटइफ तुलना करताना त्यांचा आकडा करून बघतं आणि सोळावा अंक गळतो. सूत्रात निकषाच्या सेलला अँपरसँडने (&) अवतरणचिन्हांतला तारा ("*") जोडा, म्हणजे तुलना मजकुराची होईल. हे क्रमांक कधीतरी आकडा म्हणून सेव्ह झाले असतील, तर त्यांच्या शेवटी आता शून्य बसलेलं असेल. तो गेलेला अंक एक्सेलमधून परत मिळत नाही, मूळ फाइलमधूनच आणावा लागेल. अशा ओळी कुणाशीही जोडू नका.